जट्रोफाच्या बियांपासून टिश्यू कल्चर: बी फोडण्यापासून रोप कुंडीत जाईपर्यंत

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून निर्जंतुक नळीत नवं रोप वाढवणं. जट्रोफाच्या माझ्या पहिल्याच खेपेत त्यात एक चूक झाली आणि ती कळायला चार महिने गेले. चाळीसेक बिया फोडल्या, भ्रूण काढले, ते झकास उगवले. मग सगळ्या रोपांच्या बीजपत्रांचे, म्हणजे भ्रूणातल्या पहिल्या पानांचे, तुकडे केले, एका डिशमध्ये गोळा केले आणि हाताला येतील तसे माध्यमावर, म्हणजे झाडाचं अन्न घालून गोठवलेल्या जेलीवर, मांडले. महिन्याभराने पाहतो तर एका तुकड्यावर हिरवेगार टपोरे कोंब, आणि त्याला खेटून ठेवलेल्या दुसऱ्यावर नुसता पिवळट गोळा. मी संप्रेरकं (वाढ घडवणारी रसायनं) वाढवली, कमी केली, साखर बदलली, माध्यम गोठवणारा अगार बदलला. दरवेळी तेच. दोष माध्यमाचा नव्हताच. वेगवेगळ्या बियांचे तुकडे मिसळल्यामुळे कोणता तुकडा कोणाचा हेच मला सांगता येत नव्हतं.

जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. एकाच फुलोऱ्यात नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात आणि परागीभवनाचं काम कीटक करतात. त्यामुळे एकाच झाडाच्या बियासुद्धा एकमेकींच्या फार तर सख्ख्या बहिणी असतात, जुळ्या नसतात. ३० डिसेंबर २००८ रोजी एअर न्यूझीलंडने बोइंग ७४७च्या चार इंजिनांपैकी एकात जट्रोफापासूनचं आणि नेहमीचं इंधन निम्मं-निम्मं भरून चाचणी उड्डाण केलं, तेव्हा या झुडपाचा फार बोलबाला झाला होता. पुढे लागवडी अपेक्षेला उतरल्या नाहीत. त्याची कारणं अनेक आहेत, पण एक मोठं कारण हेच: निवड न झालेलं, रानटी म्हणावं असं बियाणं. एक झाड लगडलेलं, शेजारचं वांझोटं.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. बियांपासून केलेलं कल्चर म्हणजे मातृवृक्षाची हुबेहूब प्रत नव्हे. उत्तम झाडाच्या हजार प्रती हव्या असतील तर त्या झाडाच्या फांदीवरच्या डोळ्यांपासूनच सुरुवात करायला हवी. मग बी का घ्यायचं? कारण बी स्वच्छ असतं, त्याच्या पेशी कोवळ्या आणि तयार असतात, आणि नव्या माणसाचा हात बसायला त्याच्यासारखं दुसरं साहित्य नाही. शेतातल्या फांदीवरची बुरशी आणि जिवाणू काढता काढता नाकी नऊ येतात. बीच्या आतला भ्रूण मात्र बहुतेक वेळा आतून निर्जंतुकच असतो.

बिया निवडणं

या कामातलं निम्मं यश इथे ठरतं आणि निम्मे लोक इथेच घाई करतात. जट्रोफाच्या बीत वजनाच्या साधारण तीस ते चाळीस टक्के तेल असतं. तेल हवेशी संयोग पावत राहतं, म्हणून ही बी गव्हा-ज्वारीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही. बोंडं पिवळी होऊन तपकिरीकडे झुकली की काढलेल्या, सावलीत वाळवलेल्या, त्याच हंगामातल्या बिया घ्या. जुन्या बिया उगवतात, नाही असं नाही, पण उशिरा आणि मरगळलेल्या.

पिशवी हाती आली की आधी दहा बिया मोडायला काढा. कानाशी हलवून बघा. आत मगज खुळखुळत असेल तर तो आक्रसलाय. फोडल्यावर मगज शुभ्र किंवा किंचित दुधाळ आणि भरीव हवा. पिवळा पडलेला, कडा तपकिरी झालेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खवट वास येणारा मगज असेल तर तो ढीग बाजूला सारा. नाकाइतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही. दहापैकी आठ चांगल्या निघाल्या तर पुढे जा. पाच निघाल्या तर दुसऱ्या बिया शोधा. माध्यमाने त्याची भरपाई होत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. ही बी विषारी आहे. तिच्यात कर्सिन नावाचं प्रथिन आणि फोर्बोल एस्टर असतात. चव घेऊन पाहणं तर सोडाच, पण मगज हाताळलेली बोटं डोळ्याला लावली तरी जळजळ होते. पानादेठातला चीकही त्रास देतो. हातमोजे घाला, फोडलेली टरफलं आणि उरलेला मगज लहान मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी टाका.

माध्यम

तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं माध्यम, म्हणजेच एमएस, इथे चालतं. त्याचा कणा म्हणजे लिटरमागे १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट. बाकी कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, लोह, सूक्ष्म द्रव्यं आणि चार-पाच जीवनसत्त्वं. सगळं एकेक करून तोलत बसण्यात शिकण्यासारखं बरंच आहे, पण पहिल्यांदा करताना तयार पावडर घ्या. डब्यावर लिटरला किती ग्रॅम हे लिहिलेलं असतं, साधारण साडेचार ग्रॅमच्या आसपास. त्यात जीवनसत्त्वं आहेत की नाहीत एवढं मात्र नीट वाचा.

एक लिटर करायचं तर आठशे मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पावडर आणि ३० ग्रॅम साखर विरघळवा, संप्रेरकं घाला, मग पाणी लिटरपर्यंत आणा. पीएच ५.८ वर आणा. आम्लता बसवल्यानंतरच अगार घालायचा, लिटरला ८ ग्रॅम. अगार घातल्यावर पीएच मोजायला गेलात तर मीटरच्या इलेक्ट्रोडवर चिकट थर बसतो आणि पीएच खाली राहिला तर माध्यम गोठतच नाही, पेजेसारखं पातळ राहतं. माझ्याकडून हेही झालेलं आहे.

संप्रेरकांचं गणित लोकांना उगाच अवघड वाटतं. इथे मुख्य तीन: बीएपी हे सायटोकायनिन, आयबीए आणि २,४-डी ही ऑक्सिनं. प्रत्येकाचं एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असं साठ्याचं द्रावण करून ठेवा: १० मिलिग्रॅम तोला, विरघळवा, १० मिलिलिटर करा. आता 'लिटरला दीड मिलिग्रॅम बीएपी' म्हणजे सरळ दीड मिलिलिटर. बीएपी पाण्यात विरघळत नाही. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या चार-सहा थेंबांत आधी विरघळवून मग पाणी घालायचं. आयबीए आणि २,४-डी यांनाही तेच चालतं, किंवा थोडं अल्कोहोल. आयबीए इतकं कमी लागतं (लिटरला ०.०५ मिलिग्रॅम) की या साठ्यातून ते मोजताना हात चुकतोच. म्हणून त्याचं आणखी दहापट पातळ द्रावण करा आणि त्यातलं अर्धा मिलिलिटर घ्या.

तीन माध्यमं लागतील:

- उगवणीसाठी: एमएस निम्म्या ताकदीचं, साखर २० ग्रॅम, संप्रेरक काहीही नाही.
- कॅलससाठी (पेशींचा बेढब गोळा): पूर्ण एमएस, २,४-डी लिटरला १ मिलिग्रॅम.
- कोंबांसाठी: पूर्ण एमएस, बीएपी दीड मिलिग्रॅम आणि आयबीए ०.०५ मिलिग्रॅम.

मुळांचं माध्यम वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन प्रकारच्या संप्रेरकांच्या प्रमाणावर काय फुटणार हे ठरतं, ही गोष्ट स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये दाखवली. ऑक्सिन वरचढ झालं की मुळं, सायटोकायनिन वरचढ झालं की कोंब, दोन्ही समतोल असले की गोळा. वरची माध्यमं त्याच तत्त्वावर आहेत, फक्त २,४-डी हे इतकं जहाल ऑक्सिन आहे की त्याच्यापुढे पेशी आपली ओळख विसरून नुसत्या वाढत सुटतात.

मग माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात, १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला पंधरा ते वीस मिनिटं. वेळ मोजायला सुरुवात करायची ती तापमान १२१ ला पोचल्यावर, बटण दाबल्यावर नाही. माध्यम भरलेल्या नळ्या लगेच वापरू नका. आठवडाभर तशाच ठेवा. माध्यमातच काही राहिलं असेल तर ते रिकाम्या नळीत दिसेल आणि पुढे बियांना विनाकारण बोल लागणार नाही.

टरफल काढणं आणि निर्जंतुकीकरण

जट्रोफाचं काळं टरफल खरखरीत असतं, त्यावर बारीक भेगा असतात आणि प्रत्येक भेगेत बुरशीचे बीजाणू दडून बसलेले असतात. टरफलासकट कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत. त्यामुळे टरफल काढणं हेच निर्जंतुकीकरणाचं पहिलं पाऊल समजा.

बिया साबणाच्या पाण्यात धुवा, वाहत्या पाण्याखाली अर्धा तास ठेवा आणि मग पूर्ण कोरड्या करा. ओली बी हातातून सटकते. फोडायला मी अडकित्ता वापरतो. बी आडवी न धरता उभी, कडेवर धरायची आणि हळूच दाब द्यायचा. 'कट' असा आवाज आला की लगेच थांबायचं. उरलेलं टरफल नखाने निघतं. आतल्या मगजावर कागदासारखं पातळ पांढरं वेष्टन असतं, तेही सोलून टाका. मगजाला चीर गेली असेल, टवका उडाला असेल तर तो वेगळा काढा. अशा मगजात ब्लीच आत शिरतं आणि भ्रूण मरतो.

इथून पुढचं काम लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटात. मगज ७० टक्के अल्कोहोलमध्ये तीस सेकंद बुडवा. शुद्ध अल्कोहोल जास्त जहाल असेल असं वाटतं, पण जंतूंची प्रथिनं गोठवायला सोबत पाणी लागतं, म्हणून सत्तर टक्केच. तीस सेकंदांपेक्षा जास्त नको. त्यानंतर निर्जंतुक पाण्याने एकदा धुवा, कारण अल्कोहोल आणि ब्लीच एकत्र येता कामा नये.

मग सोडियम हायपोक्लोराइट, दीड टक्का. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर ३० मिलिलिटर ब्लीच आणि ७० मिलिलिटर पाणी. त्यात ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचे दोन थेंब. तेलकट मगजावर पाणी चिकटत नाही, थेंब घरंगळून जातात. ट्वीनमुळे द्रावण सगळीकडे पोचतं. दहा ते बारा मिनिटं बाटली अधूनमधून फिरवत राहा. नंतर निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवा, दर वेळी दोन-तीन मिनिटं मुरू देऊन. ब्लीचची बाटली कधी उघडली होती ते तिच्यावर लिहून ठेवा. उघडलेल्या बाटलीतला क्लोरीन उडत जातो आणि सहा महिन्यांपूर्वीचं '५ टक्के' आज किती उरलंय हे कोणी सांगू शकत नाही. पातळ द्रावण तर त्याच दिवशी करायचं.

बऱ्याच जुन्या पद्धतींत मर्क्युरिक क्लोराइड सापडेल, ०.१ टक्के. काम करतं, वादच नाही. मी वापरत नाही. पारा मोरीतून वाहून गेला म्हणजे संपला असं होत नाही, आणि सोललेल्या मगजाला त्याची गरजही पडत नाही.

आणखी एक. हातमोज्यांवर स्पिरिट फवारलं की ते सुकेपर्यंत बर्नरजवळ हात नेऊ नका. निळी ज्योत दिवसाच्या उजेडात दिसतसुद्धा नाही, चटका बसल्यावरच कळते.

भ्रूण काढणं

धुतलेले मगज निर्जंतुक ओल्या फिल्टर पेपरवर, बंद पेट्री डिशमध्ये, अंधारात एक रात्र ठेवा. पाण्यात पूर्ण बुडवून ठेवू नका. तिथे हवा मिळत नाही आणि चुकून राहिलेल्या एखाद्या मगजातले जिवाणू सगळ्या वाटीत पसरतात.

सकाळी मगज फुगून मऊ झालेला असतो, भिजलेल्या बदामासारखा. आता त्याची टोकं पाहा. ज्या टोकाशी टरफलावर छोटा पांढरट उंचवटा होता, त्या टोकाकडे भ्रूणाचं मूळ असतं. स्काल्पेलचं पातं मगजाच्या अरुंद कडेवर टेकवा आणि लांबीच्या दिशेने जेमतेम एक मिलिमीटर खोल रेघ ओढा. खोल जाऊ नका. मग पातं किंचित पिळलं की भ्रूणपोषाचे (भ्रूणाभोवतीच्या अन्नसाठ्याचे) दोन अर्धे पुस्तकासारखे उघडतात. मधोमध पाहाल तर दोन पातळ, पांढरी, शिरा स्पष्ट दिसणारी इवलीशी पानं एकमेकांवर मिटलेली असतात आणि खाली त्यांचा आखूड दांडा. हाच भ्रूण. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बीमध्ये आधीच पान काढून ठेवलंय याचंच मला नवल वाटलं होतं. चिमट्याने पानांना धरू नका, चुरगळतात. दांड्याखाली चिमटा सरकवून उचला.

पहिले पाच-सहा भ्रूण तुटतील. तुटू द्या. सातव्यापासून हात बसतो.

भ्रूणपोषाचे तुकडे सोबत ठेवायचा मोह होतो, कारण निसर्गात भ्रूणाचं अन्न तेच. माध्यमात साखर आहे, त्याची गरज नाही. उलट तो तेलकट भाग काळवंडतो आणि त्यावरच बुरशी येते. भ्रूण उगवणीच्या माध्यमात उभा लावा, दांडा खाली, पानं वर.

आणि आता तो नियम, जो मी पहिल्या खेपेत पाळला नव्हता. एक भ्रूण, एक नळी, एक आकडा. नळीवर १ पासून पुढे क्रमांक टाका, आणि मार्करने नको. स्पिरिटच्या फडक्याने पुसताना मार्करची शाई सगळ्यात आधी जाते. कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा. त्या आकड्यासमोर वहीत झाडाचा तपशील, बी काढल्याची आणि लावल्याची तारीख.

पहिले बारा दिवस

तापमान २५ अंशांच्या आगेमागे, दिवसाला सोळा तास उजेड. दोन-तीन दिवसांत पानं हिरवट होऊ लागतात, आठवड्याभरात मूळ खाली उतरतं, आणि दहा-बारा दिवसांत बीजपत्रं पसरून तुकडे करण्याजोगी होतात. रोज बघा, पण नळी उघडू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापसासारखी वाढ दिसली तर ती बुरशी. भ्रूणाच्या बुडाशी माध्यमात दुधासारखी धूसर कड दिसली तर जिवाणू. हे उशिरा, कधी दुसऱ्या आठवड्यातही उगवतात आणि म्हणून जास्त फसवतात. दोन्ही बाबतींत नळी न उघडता थेट ऑटोक्लेव्हला. एखादा भ्रूण वाचवण्यासाठी पुन्हा ब्लीचमध्ये बुडवण्याची खटपट लोक करतात. बिया भरपूर असताना असला जीव काढू नये.

बुरशी भ्रूणावरून सुरू झाली की माध्यमाच्या कडेवरून, हे मात्र नोंदवा. भ्रूणावरून सुरू झाली तर बीचं निर्जंतुकीकरण कमी पडलं. कडेवरून किंवा भलत्याच ठिकाणी ठिपका उमटला तर तुमचा हात, बूच किंवा हवा यात दोष आहे. एकाच ढिगातल्या बहुतेक नळ्यांत आतूनच बुरशी येत असेल तर ती बीच्या आतच राहणारी असू शकते. ब्लीचची वेळ वाढवून ती जात नाही, बियाणंच बदलावं लागतं.

तुकडे आणि मांडणी

रोप निर्जंतुक डिशमध्ये काढा. बीजपत्राच्या कडा आणि मधली जाड शीर टाळून पाच मिलिमीटरचे चौकोन कापा. पातं धारदार हवं. बोथट पात्याने कड चिरडते, काळी पडते आणि तिथून काही फुटत नाही. देठाजवळचे तुकडे साधारणपणे टोकाकडच्यांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात, म्हणून तेही वेगळे ओळखता यायला हवेत. बीजपत्राखालच्या दांड्याचेही सेंटिमीटरभराचे तुकडे घेता येतात. कॅलससाठी ते उत्तम.

मांडणीकडे मात्र थोडा वेळ द्या. समजा लावलेल्या भ्रूणांपैकी तुमच्याकडे बारा निरोगी रोपं उरली आहेत आणि दोन माध्यमांची तुलना करायची आहे. सहा रोपांचे तुकडे एका माध्यमावर आणि सहांचे दुसऱ्यावर ठेवलेत, तर निकालातला फरक माध्यमाचा की बियांचा हे कळायला मार्ग उरत नाही. त्याऐवजी प्रत्येक रोपाचे आठ तुकडे करा, चार एका माध्यमावर, चार दुसऱ्यावर. एका बीजपत्रातले दोन इकडे, दोन तिकडे. आता प्रत्येक बी स्वतःशीच ताडून पाहता येते. बारापैकी दहा बियांनी दुसऱ्या माध्यमावर जास्त कोंब दिले तर माध्यम चांगलं. आणि सतराव्या क्रमांकाच्या बीने दोन्हींवर भरभरून दिलं, नवव्या बीने दोन्हींवर पाठ फिरवली, तर तो बियांचा स्वभाव. हे दोन वेगळे शोध आहेत आणि मिसळलेल्या डिशमध्ये दोन्ही हरवतात.

तुकड्याचं नाव म्हणून '१७-अ-३' असं लिहा: बी सतरावी, बीजपत्र अ, तुकडा तिसरा. प्लेटच्या झाकणावर नाही, तळावर. झाकणं अदलाबदल होतात.

कॅलस

२,४-डीच्या माध्यमावरच्या प्लेटा अंधारात ठेवा. आठवड्याभरात तुकड्याच्या कापलेल्या कडा सुजतात, वाकतात, आणि दोन ते तीन आठवड्यांत तिथे दाणेदार वाढ दिसते. हवा तो कॅलस फिकट पिवळसर, भुसभुशीत, चिमट्याने टोकरला तर ओल्या रव्यासारखा सुटा होणारा. पाणचट, चिकट, तपकिरी होत चाललेला भाग पुढे नेऊ नका.

दर तीन-चार आठवड्यांनी ताज्या माध्यमावर हलवा. हलवताना गोळ्याच्या बाहेरचा, नुकता वाढलेला थर तेवढा घ्या. तपकिरीपणा फार वाढत असेल तर माध्यमात लिटरला शंभर मिलिग्रॅम अॅस्कॉर्बिक आम्ल घालून पाहा, पण ते उष्णतेने बिघडतं, त्यामुळे ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून कोमट माध्यमात घालायचं. कोळशाची पूड हा दुसरा उपाय सांगितला जातो. कोळसा तपकिरी द्रव्यांसोबत संप्रेरकंही शोषून घेतो, म्हणून या टप्प्यावर तो कामाचा नाही.

कॅलस महिनोन्महिने वाढवत ठेवता येतो आणि त्यातच अनेकजण रमतात. पण २,४-डीवर जितका काळ जातो तितके पेशींच्या गुणसूत्रांत बदल साचत जातात. पेशींचा अभ्यास करायचा असेल तर हरकत नाही. रोप हवं असेल तर कॅलसचा वळसा टाळून सरळ कोंबांच्या माध्यमाकडे जा.

कोंब

इथे उजेड हवा. बीजपत्राच्या तुकड्याच्या कडेवर आधी थोडा घट्ट हिरवा कॅलस येतो आणि तीन ते सहा आठवड्यांत त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे उंचवटे दिसतात. ते वाढतात की तसेच राहतात हे पाहायला आणखी दोन आठवडे द्या. काही बिया बीएपीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी थायडायझुरॉन हे जास्त जहाल सायटोकायनिन, लिटरला अर्धा मिलिग्रॅम, हा खात्रीचा धक्का आहे. पण तीन आठवड्यांत तिथून काढून बीएपीच्या माध्यमावर आणायलाच हवं. जास्त राहिले तर कोंब खुजे, गुच्छासारखे, पानं वळलेली निघतात.

कोंब काचेसारखे पारदर्शक, पाणीदार आणि ठिसूळ दिसू लागले तर सायटोकायनिन जास्त झालं किंवा नळीत दमटपणा कोंडला. बीएपी निम्म्यावर आणा, अगार लिटरला एखाद ग्रॅम वाढवा, बूच हवा जाईल असं लावा. अशा कोंबांतले थोडेच सुधारतात.

मुळं आणि बाहेरची हवा

गंमत अशी की जट्रोफाची फांदी तोडून कुंपणात खोचली तर ती काही कौतुक न करता मुळं धरते, आणि नळीतला लाडाकोडात वाढलेला कोंब मात्र मूळ काढायचं म्हटलं की जिवावर आल्यासारखं करतो. दोन-तीन सेंटिमीटरचे, तीन-चार पानांचे कोंब कापून निम्म्या ताकदीच्या एमएसवर, २० ग्रॅम साखर आणि लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आयबीए घालून लावा. दोन ते चार आठवडे वाट पाहा. बुडाशी कॅलसची गाठ येऊन मुळं तिच्यातून फुटत असतील तर आयबीए कमी करा, कारण अशा मुळांचा खोडाशी जोड कच्चा असतो आणि मातीत गेल्यावर रोप सुकतं.

तरीही मुळं येत नसतील तर हट्ट सोडा. कोंबाचं बूड आयबीएच्या तीव्र द्रावणात क्षणभर बुडवून थेट ओल्या कोकोपीटमध्ये लावा, किंवा मातीत वाढवलेल्या जट्रोफाच्या रोपट्यावर त्याचं कलम बांधा. कलमाला हात हलका लागतो, पण हट्टी बियांच्या बाबतीत तोच मार्ग उरतो.

नळीतून बाहेर काढताना मुळांना चिकटलेला अगार कोमट पाण्यात अगदी सगळा धुवा. त्यात साखर असते आणि कुंडीत तिच्यावर बुरशी तुटून पडते. कोकोपीट आणि पर्लाईट (हलके खनिज दाणे) समप्रमाणात, वर पारदर्शक पिशवीचा तंबू. नळीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नावापुरता असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, म्हणून उघड्यावर ठेवलेलं रोप तासाभरात मान टाकतं. पहिला आठवडा पिशवी बंद. दुसऱ्या आठवड्यात एक कोपरा कापा, मग दुसरा. तिसऱ्याच्या शेवटी संध्याकाळी पिशवी काढा, सकाळी ऊन चढायच्या आत परत घाला, असं तीन-चार दिवस. नवीन फुटलेलं पान जुन्यांपेक्षा गडद आणि हाताला जरा जाड लागलं की रोप बाहेरच्या हवेला सरावलं.

नळीवरची कागदी पट्टी फेकू नका. रोप कुंडीत गेलं की तोच आकडा, १७-अ-३, पेन्सिलीने प्लास्टिकच्या पट्टीवर उतरवा आणि कोकोपीटमध्ये खोचा. पाणी घालताना इथेही मार्कर धुऊन जातो.